गोणपाट गुंडाळलेला हात

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कॅमेरा आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. सागवानी अंग, चामड्याचा भाता, पितळी कड्यातली काच, वर काळं फडकं, असा माझा थाट. जिंतूरला बन्सीधरच्या स्टुडिओत मी नवरा-नवरी टिपले, बारशाची बाळं टिपली. लोक म्हणायचे, कॅमेरा खोटं बोलत नाही. मीही फुशारून जायचो. खुळाच होतो मी.

१९७४ साली बोरीच्या माणिकरावांचा सांगावा आला, गरुडासोबत फोटो काढायचाय. आता हा गरुड जगवला कुणी? सुलाबाईनं. त्यांच्याच रानात कापूस वेचणारी ही बाई. पंख मोडलेला गरुड तिला काटेरी कुंपणात सापडला. तिनं लुगड्याच्या चिंधीनं पंख बांधला, हळद भरली आणि दोन महिने उंदीर धरून त्याला चारले. तेव्हा हेच माणिकराव हसायचे, "सोताच्या पोटाला न्हाई, अन् पाखराला मटण चारायलीय." गरुड बरा झाला, तसे आले आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला.

कोट-फेटा घालून माणिकराव उभे राहिले. गरुड त्यांच्या हातावर बसेना. त्यानं नख्या उगारल्या, तसे हे दोन पावलं मागं. शेवटी सुलाबाईनं हाताला गोणपाट गुंडाळलं. तिच्या हातावर तो गुमान बसला.

"मावशी, तुमी यांच्या मागं बसा. हात तेवढा बाजूनं पुढं करा," बन्सीधर म्हणाला.

"मंग मी येत न्हाई का फोटोत?"

"येतीस की. हात येतोय," माणिकराव हसले.

ती मागं उकिडवी बसली. मी टिपलं. मला कुठं तोंड होतं नाही म्हणायला? मग तिनं हात उंच केला आणि गरुड उडाला. तो दिसेनासा होईपर्यंत ती एकटीच वर बघत राहिली.

खरा संताप पुढंच आहे. नवरीच्या तोंडावरचे देवीचे व्रण कुंचल्यानं झाकायचा बन्सीधरला सराव होता. त्याच कुंचल्यानं त्यानं छापलेल्या फोटोत गोणपाटावर कोटाची बाही रंगवली. सुलाबाईचा हात माणिकरावांचा झाला. साप्ताहिकात फोटो आला, खाली 'पक्षिमित्र माणिकराव'. लाज कशी वाटली नाही यांना?

आठवड्यानं सुलाबाई तो कागद घेऊन स्टुडिओत आली.

"बन्सीधर, ह्यो हात कुणाचा हाय?"

त्यानं मान खाली घातली. "चुकलं मावशी. मोठ्या माणसाला न्हाई म्हणता आलं न्हाई."

"तुझी काच तर खरी हाय ना? तिच्यावरून काढून दे. अन् माणिकरावाला तेवढं काप."

त्यानं निगेटिव्हच्या काचेवरून पुन्हा फोटो छापला आणि कात्री चालवली. उरला गोणपाटातला हात आणि त्यावरचा गरुड. गरुडानं मान मागं वळवली होती.

सुलाबाईनं फोटो पदरानं पुसला. "माझ्याकडं बघायलाय," ती म्हणाली आणि निघाली.

आता मी माळ्यावर पडून आहे. भात्याला झुरळांनी भोकं पाडलीत. मित्रांनो, मला पुसा, नका पुसू. पण कष्टाच्या हातावर दुसऱ्याची बाही रंगवू नका.