जित्या माणसाचं चित्र

आमच्या रविवार चित्रमंडळात बाहेरचा चित्रकार प्रात्यक्षिक दाखवायला येणार असला की खोली झाडायचं काम माझ्याकडे येतं. खोली म्हणजे गोंदियातल्या एका बंद पडलेल्या राइस मिलचं जुनं ऑफिस. कितीही झाडा, कोपऱ्यातून कोंडा निघतोच. पाहुण्याला शिंका येतात आणि आम्ही सगळे, जणू आपल्याला माहीतच नव्हतं, असे एकमेकांकडे बघतो.

पहिला पाहुणा जलरंगवाला होता. त्याला आम्ही नवेगाव बांधचा तलाव दाखवायला नेलं. त्याने तलाव छान काढला आणि मागे बर्फाचे डोंगर उभे केले. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याने सुरीने रंग थापून जंगल केलं आणि सुरी इथेच विसरून गेला. आमच्या मंडळातला मुन्नालाल आता तिने पेरू कापतो.

तिसऱ्या पाहुणीला बोलावलं ते माझ्या नवऱ्याच्या तोंडासाठी.

नवरा म्हणजे छोटेलाल कटरे. नागऱ्याच्या रस्त्यावर आमचं पेंटिंगचं दुकान आहे. पाट्या, नंबर प्लेटा, शाळेच्या भिंती, सगळं करतात. पण नाव झालं ते गेलेल्या माणसांच्या चित्रांवर. लोक आधार कार्ड घेऊन येतात. कार्डावरचा माणूस पोलिसांनी आत्ताच धरून आणल्यासारखा दिसतो. कधी लग्नाच्या फोटोतलं नखाएवढं डोकं आणतात आणि म्हणतात, ह्यातून आमचा बाप काढून द्या. हे त्या फोटोवर चौकटी आखतात, मोठ्या बोर्डावर तेवढ्याच चौकटी आखतात आणि एकेक चौकट भरत बाप काढून देतात. तोंड सरळ, ओठ मिटलेले, मागे निळं, डोक्याभोवती जरा फिकट. शेवटी कपाळावर लाल टिका. टिका लागला की काम झालं.

मंडळ यांनीच काढलं आणि आम्हाला शिकवलंही यांनीच. आम्ही म्हणजे शाळामास्तर धनेंद्र टेंभरे, मिलचा हिशोब बघायचा तो मुन्नालाल, पार्लरवाली रिंकी, मी आणि येऊन-जाऊन असणारे दोन-तीन. यांचे नियम दोनच. एक, दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही. स्वतः गुरू असून हेही दुरून काडीने दाखवायचे. दुसरा, "गेलेल्या मानसाच्या तोंडावरचं दुखनं पुसाचं. घरच्यायनं लय पाह्यलं असते ते."

जिवंत माणूस समोर बसवून आम्ही कधी काही काढलं नव्हतं. बसणारच कोण? आमच्याकडे भिंतीवर चित्र लागतं ते गेलेल्याचं. बस म्हटलं तर लोक म्हणतात, "काऊन, मले मारता का?"

एका हाताने ब्रश आणि दुसऱ्या हाताने खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटणं, हे यांचं आयुष्यभर चाललं. उजव्या गालात आधी फोड आली, मग गाठ. मग तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. नागपूरच्या डॉक्टरने सरळ सांगितलं, उजवीकडचा खालचा जबडा काढावा लागेल, जिभेचाही तुकडा. मांडीचं मांस काढून तिथे लावू. आता केलं तर माणूस राहील. मंगळवारी भरती व्हा.

घरी आल्यावर हे दुकानाच्या आरशासमोर बसून राहिले.

"पयले चेहरा काढून ठेवू दे," म्हणाले. "मंग कापा म्हनाव."

"तं काढा ना जी. आरसा हाय, हात हाय."

"माह्या हातानं नाही. मी काढला का तो टिक्यावालाच होते. कोनी बाहेरचा आन, जो जित्या मानसाले काढते. चित्र झालं का मी गाडीत बसतो. नाही तं नाही."

माझा नवरा हट्टाचा कच्चा असता तर हे दुकान कधीच बंद झालं असतं. मी धनेंद्रकडे गेले. त्याने ओळखी काढल्या, फोन केले, आणि नागपूरच्या कला महाविद्यालयात शिकवणाऱ्या सोनिका मॅडम यायला तयार झाल्या. मंगळवारच्या आधीचाच रविवार मिळाला. मी घरी येऊन यांच्या दोन शर्टांना इस्त्री केली आणि नागपूरची पिशवी भरून दाराशी ठेवली. चेहरा कसा निघेल याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला हे गाडीत बसलेले पाहिजे होते.

सोनिका मॅडम आल्या, शिंकल्या आणि घडीचं स्टँड उघडून कामाला लागल्या. तिशी-पस्तिशीची, केस बारीक कापलेली बाई. त्यांनी यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, उजेड उजव्या गालावर येईल असं.

"मॅडम," रिंकी हळूच म्हणाली, "डावी बाजू घ्या ना. ती चांगली हाय काकांची."

"काका, तुम्ही सांगा," मॅडम यांना म्हणाल्या. "कुठली घेऊ?"

"जी दिसते ते घ्या."

मॅडमनी कोळशाची कांडी घेतली. काढता काढता बोलत होत्या. आधी नाक-डोळे शोधू नका, म्हणाल्या, आधी अंधार कुठे आहे ते बघा. डोळे बारीक करून माणसाकडे बघा, कागदाकडे कमी. आम्ही माना हलवल्या. "वा, क्या बात है," मुन्नालाल म्हणाला.

मग आमच्या रिवाजाप्रमाणे आम्हीही आपापले बोर्ड घेऊन बसलो. पाहुणा काढतो तेव्हा सोबत सगळे काढतात. आणि सगळ्यांनी आधी काय केलं असेल? खिशातून मोबाइल काढले. यांच्या समोर उभं राहून एकेकाने यांचा फोटो घेतला. "भैया, जरा सीधे देखो." "काका, हालू नका." मीही घेतला. मग मोबाइल मांडीवर ठेवून, मान खाली घालून, आम्ही चौकटी आखायला लागलो.

खोलीत फक्त कोळशाचा आणि ब्रशचा आवाज. हे खुर्चीत. मधेच तोंडाला रुमाल लावायचे. एकदा मला वाटलं, हे माझ्याकडे बघत आहेत. पण माझी हनुवटीची चौकट चुकत होती, मी मान वर केली नाही.

उन्हं खिडकीवरून सरकली तेव्हा मॅडमनी कांडी ठेवली. धनेंद्रने सगळे बोर्ड ओळीने भिंतीला टेकवले, मॅडमचा शेवटी. "चला सर," तो यांना म्हणाला, "तपासा आता."

हे उठले, काडी घेतली आणि ओळीच्या सुरुवातीला जाऊन उभे राहिले. तेव्हा मी पहिल्यांदा सगळी ओळ एकदम पाहिली.

सगळीकडे निळं होतं. डोक्याभोवती जरा फिकट. सगळीकडे तोंड सरळ, ओठ मिटलेले, गाल दोन्ही सारखे. गाठ कोणीच काढली नव्हती. रिंकीने तर दहा वर्षं कमी केली होती. तिला ती पार्लरची सवयच आहे. आणि कपाळावर टिका. धनेंद्रचा, मुन्नालालचा, रिंकीचा, सगळ्यांचा. कोणी ठरवून नाही केलं. हात शेवटी तिथेच जातो, तसा गेला. माझ्या चित्राला टिका नव्हता, पण ते माझं शहाणपण नव्हतं. ब्रशला लाल रंग लावून झाला होता, तेवढ्यात धनेंद्रने बोर्ड उचलला.

हे एकेका चित्रासमोर थांबत गेले. मुन्नालालच्या चित्राला काडी लावली. "कान खाली गेला."

"जी भैया."

"बाकी बरोबर हाय. सगळ्यायचं बरोबर हाय. शिकवलं तसंच काढलं." रिंकीच्या चित्रापाशी जरा जास्त थांबले. "हे तं लयच बेस झालं वो पोट्टी." रिंकी लाजली. तिला अजून कळलं नव्हतं.

मग हे मॅडमच्या चित्राशी आले. त्यात निळं नव्हतं. काळा-पांढरा एक म्हातारा, गाल फुगून कातडी ताणलेली, ओठ एका बाजूला ओढलेले, डोळ्यात राग. मला बघवेना. पण म्हणून ते खोटं होतं असं नाही.

"मॅडम, राग नोका मानू," हे म्हणाले. "ह्याच्यात मी लय दुखून राह्यलो."

"दुखतंय ना, काका?"

"हो." हे परत ओळीकडे वळले. "हितं नाही दुखत." आणि काडी कोपऱ्यात ठेवत, चहा नको म्हणावं तसं मला म्हणाले, "प्रेमिला, मंगळवारचं राहू दे."

"काऊन?"

"झालं ना चित्र. एक मांगलं तं इतके झाले. आता कायले चिरफाड? पाह्य ना, कसा निवांत हाय मी. मले असाच जाऊ दे."

"अहो, पण तुमी म्हनले होते—"

"म्हनलो होतो. आता नाही म्हनतो."

धनेंद्र फरशीकडे बघायला लागला. "भैया, ऐसा मत बोलो," मुन्नालाल म्हणाला. रिंकीला आता कळलं, आपण जित्या काकांना टिका लावला, आणि तिने हात तोंडावर दाबला. मॅडमना काय झालं ते समजेना. त्या बिचाऱ्या एकदा यांच्याकडे, एकदा त्या निळ्या ओळीकडे बघत होत्या.

मी टेबलावरची तारपीनची बाटली घेतली आणि फडकं भिजवलं. आधी माझं चित्र पुसलं. ओला ऑइल रंग. एका हातात नाक आणि गाल एकत्र झाले. मग धनेंद्रचं. मग मुन्नालालचं.

"अरे भाभी! ये क्या कर रहे हो!"

"काकू, नोका ना," रिंकी रडत म्हणाली. तिचंही पुसलं. तिचं पुसताना हात थांबला होता, हे खरं आहे. त्यात माझा लग्नातला नवरा होता.

"दुसऱ्याच्या चित्राले हात नाही!" हे ओरडले. ओरडले म्हणजे, तोंड जेवढं उघडतं तेवढ्यातून. शब्दांबरोबर लाळ आली आणि लाळेत रक्त. आमच्या सगळ्या संसारात यांनी माझ्यावर इतका आवाज चढवला नव्हता.

"चित्र कोनतं?" मी म्हणाले. "तुमी जित्ते बसले होते समोर. कोनी पाह्यलं तुमच्याकडं? मोबाइलमंदी पाहून राह्यले होते सगळे. मी बी. बायको असून मी बी."

"तुमाले सगळ्यायले दुखलेलं नाही पाहवत," हे म्हणाले, "ते माहीत हाय मले."

"नाहीच पाहवत. मंग का टिका लावून देऊ? मेले नाही तुमी आजून. मले जबडा नोको, तुमी पाहिजे. वाकडे पाहिजे. कसे बी पाहिजे."

तारपिनाचा वास सगळीकडे भरला होता. हे खुर्चीत बसले, रुमाल तोंडाला लावून. मग त्यांनी पुसलेल्या ओळीवरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया वगैरे नव्हती. दुकान लुटून नेणाऱ्याकडे माणूस बघतो, तसं बघत होते.

"गाडी किती वाजताची हाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

नागपूरला पोचेपर्यंत आणि पोचल्यावरही ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ऑपरेशनला आत नेताना मी हात धरायला गेले, तेव्हा धरू दिला, एवढंच. आणि मग बोलायचं राहूनच गेलं. जबडा गेला, जिभेचा सांगितला होता त्याहून मोठा तुकडा गेला. आता घशातून आवाज येतात. त्यातले पाणी, दुखणं आणि नको एवढे मला समजतात. नळीने पेज देते. गालाच्या जागी मांडीचं मांस आहे आणि त्यावर मांडीचे केस उगवतात. ते मीच कात्रीने कापते. त्या रविवारची शेवटची वाक्यं यांनी माझ्याशी बोललेली शेवटची निघाली, आणि त्यातलं एक वाक्य गाडीची वेळ विचारणारं होतं. मी जिंकले, असं कोणी म्हटलं तर मी त्याला फडक्यानेच मारीन. तरी परत तीच वेळ आली तर परत तेच करेन.

घरी आणल्यावर मंडळातले लोक भेटायला आले. एकदम आले, म्हणजे कोणालाच एकट्याला यावं लागणार नाही. मी चहा ठेवला. धनेंद्र शाळेच्या परीक्षांबद्दल माझ्याशी बोलत राहिला. रिंकीने यांच्या पायांना हात लावला आणि पायांकडेच बघत बसली. मुन्नालाल खाटेच्या सगळ्यात जवळ होता. "भैया, बहुत अच्छे लग रहे हो," असं तो पंख्याला म्हणाला.

यांनी घशातून आवाज केला. मला वाटलं, पाणी. मी उठले, तर यांनी हातानेच मला थांबवलं. मग वाकून, नळी सांभाळत, त्यांनी मुन्नालालची हनुवटी धरली. तीन बोटांनी. आणि त्याचं तोंड पंख्यावरून खाली आणत स्वतःकडे वळवलं.

मुन्नालालचे डोळे आधी मिटले. यांनी हनुवटी सोडली नाही. तशीच धरून ठेवली, तो डोळे उघडेपर्यंत.