सुटकेसची टेकडी

मागच्या रविवारी मेव्हिस नवऱ्याला म्हणाली होती, "पुढच्या रविवारी मी हिल्डाकडे जातेय, स्केगनेसला. कायमची. थांब म्हणायचं असेल तर तोवर म्हण." लायनल तेव्हा लढाईच्या खेळातल्या शिशाच्या इवल्या घोड्याचा लगाम रंगवत होता. लगाम केसाएवढा. त्याच्या कानात 'हिल्डा' तेवढं शिरलं. ही बहिणीकडे जातच असते.

आज जेवणाच्या टेबलावर सुटकेस दिसली आणि त्याला भरून आलं. एकतीस वर्षं 'ती खेळणी उचल' म्हणणाऱ्या बाईने आपल्या लढाईसाठी माळ्यावरून टेकडी काढून दिली! त्याने सुटकेसवर हिरवं ब्लँकेट पसरलं. भांडी घासायच्या स्पंजाचं जंगल केलं. खुंटीवरचा निळा मफलर नदी म्हणून सोडला. तो कुणाचा, हे बघायची गरज त्याला कधी पडली नव्हती.

खेळातला त्याचा नेहमीचा प्रतिस्पर्धी क्लाइव्ह फ्रेंच सैनिकांचा डबा घेऊन आला. नियमाप्रमाणे दोघं टेबलाभोवती फिरले. कुठली वस्तू काय, ते खेळाआधी मोठ्याने बोलायचं. एकदा बोललं की खेळ संपेपर्यंत ती तेच.

"जंगल. नदी, पुलावरूनच पार. आणि ही टेकडी," लायनल म्हणाला.

"टेकडी कसली, उभं कपाट आहे! चढायचं कुठून?"

"मेव्हिसने दिलीय."

"मेव्हिसने? ताप-बिप आलाय का तिला?"

दुसऱ्या डावाला लायनलच्या तोफा टेकडीवर चढल्या. तेवढ्यात मेव्हिस आली. अंगात कोट, पायात बूट. तिने नदी उचलली आणि गळ्याला गुंडाळली.

"ए, माझे घोडेस्वार आता कोरड्यातून जाणार हं!" क्लाइव्ह हसला. मग त्याने तिचा कोट बघितला आणि हातातला घोडेस्वार खाली ठेवला.

"माझी बॅग दे," मेव्हिस म्हणाली.

"आता? क्लाइव्हची चाल चाललीय गं."

"टॅक्सी आलीय."

लायनलने टेकडीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मागच्या रविवारी ही काहीतरी म्हणाली होती. आपण काहीतरी म्हणायचं होतं. काय? तिचा वाढदिवस? नाही. डॉक्टर? तेही नाही. तोफेचा गोळा किती इंच जातो हे झोपेत सांगणाऱ्या या गाढवाला बायकोचं एक वाक्य आठवेना.

"परत कधी येणार?" त्याने विचारलं.

मेव्हिसने डोळे मिटून उघडले. ब्लँकेटवर हात ठेवला. "हे काय आहे, लायनल?"

क्लाइव्ह टेबलाखाली त्याला पाय मारत होता. कशासाठी, ते लायनलला कळेना. प्रश्न तर सोपा होता. एकतीस वर्षांत तिने पहिल्यांदाच खेळातलं काही विचारलं होतं.

"टेकडी," तो म्हणाला.

"बरं," म्हणून तिने ब्लँकेटखाली हात घालून सुटकेस ओढली. तोफा, घोडे, लगाम, सगळं घरंगळलं. बाहेर टॅक्सीचं दार लागलं.

"जा की मागे, मूर्खा!" क्लाइव्ह ओरडला.

लायनल उठला. दारापर्यंत गेला, परत आला. सपाट झालेल्या ब्लँकेटकडे बघत राहिला.

"पण जाऊन म्हणू काय?"