ठरलेली दहा मिनिटं

"तुमाला पोर न्हाय, म्हून घड्याळ बघताय की." आरोही हसत म्हणाली.

मुक्ताबाईंनी मान वर केली नाही. सकाळची दहा मिनिटं झाली होती. त्या खुर्चीवरून उठल्या. सोलापुरातल्या या मानसोपचार वॉर्डात सिस्टर म्हणून त्यांची एकोणीस वर्षं गेली होती, आणि तरी या मुलीच्या बाबतीत चूक त्यांचीच होती.

टेंभुर्णीची ही बावीस वर्षांची मुलगी मनगट कापून घेऊन आली, त्याला तीन आठवडे झाले. केसपेपरवर 'व्यक्तिमत्त्वविकार' लिहिलं होतं. अशा रुग्णाशी सगळ्यांनी सारखंच वागायचं, कुणी जास्त गोड व्हायचं नाही, हे नव्या सिस्टरांना मुक्ताबाईच शिकवत. आणि त्यांनीच रविवारी घरून कडक भाकरी नि शेंगाचटणी आणली. आरोहीनं "मावशी" म्हणत मांडीवर डोकं ठेवलं. दोन तास मुक्ताबाई हलल्या नाहीत. सोमवारपासून बाकीच्या सिस्टर तिच्या लेखी कसाई झाल्या. त्यांच्या हातची गोळी ती थुंकू लागली.

"तुम्हीच तिला स्वतःशी बांधलंत, तुम्हीच सोडवा," वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, त्याहून जास्त बसायचं नाही. नाहीतर ही कुणाच्याच हातून बरी व्हायची नाही."

दुपारी आरोहीनं मनगटाची पट्टी काढून भरत आलेली जखम नखांनी ओरबाडली. रक्त वाहू लागल्यावर हाक मारली, "मावशी, बघा की काय झालं."

मुक्ताबाई ट्रे घेऊन गेल्या. जखम नीट बांधायची. पण जखम केल्यानं माया मिळते, असं तिला वाटू द्यायचं नाही. त्यांनी जखम धुतली, औषध लावलं. आरोही त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती.

"रागवा तरी."

"हात सरळ ठेव."

"मी मेले तर रडाल का न्हाय?"

"पाचला येईन. दहा मिनिटं."

आरोहीची आई बजाबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. "दगड हायसा बाई तुमी," ती म्हणाली. "लेकराचं रगात बघून बी डोळ्यात पाणी न्हाय. बरं झालं, देवानं तुमची कूस रिकामी ठेवली."

"भेटायची वेळ चारला आहे, बजाबाई. तोवर बाहेर बसा."

मुक्ताबाईंनी हात धुतले. पुढच्या खाटेवर म्हातारी तानाबाई गोळीच्या गुंगीत झोपली होती. त्यांनी तिची नाडी धरली. मिनिट संपलं, तरी तो हात त्यांनी सोडला नाही.