मिशाळरावांचा घास

मित्रांनो, मी एक म्हातारा मिशीवाला मासा आहे आणि माझे घर आहे एका सलूनमध्ये. हसू आले ना? सगळ्यांनाच येते. "या दुकानात फक्त ह्याच्याच मिशीला हात लावायचा नाही," असे सलूनवाले काका गिऱ्हाइकांना सांगत. मिशाळराव हे नावही त्यांनीच ठेवले.

मी आलो तेव्हा काचेच्या टाकीत रंगीत मासे आधीपासून नांदत होते. मी शिकार करणारा, पण भारी लाजाळू. उजेड दिसला की मातीच्या नळीत दडी मारायचो. काका सकाळी चिमूटभर दाणे टाकत, रंगीत मंडळी लगेच त्यांचा फडशा पाडत आणि माझ्यापर्यंत कणही पोहोचत नसे. शेवटी एकदा एक इवलासा निळा मासा माझ्या नळीतच शिरला. मी त्याला गिळले.

पडद्यापलीकडे बायकांचे केस कापणाऱ्या काकूंनी ते पाहिले. कात्री हातात धरूनच त्या आल्या.

"अहो, हा दरोडेखोर आजच्या आज परत देऊन या!"

काकांनी नाइलाजाने मला पाणी भरलेल्या पिशवीत घेतले. काकूंनी पिशवी उजेडात धरली आणि त्यांचा आवाजच उतरला.

"अगं बाई, याचं पोट बघा. पाठीला लागलंय. कसला दरोडेखोर? उपाशी आहे हो हा!"

मी टाकीत परतलो. इवले मासे दुसऱ्या टाकीत गेले. माझ्या तोंडात न मावणारे थोराड तेवढे उरले. दुकान बंद करताना काकू आधी त्यांना एका कोपऱ्यात दाणे टाकत. मग टाकीचा दिवा मालवून लांब चिमट्याने कोळंबीचा तुकडा माझ्या नळीपाशी धरत. मी मागे सरके. पाणी नासू नये म्हणून तो तुकडा त्या काढून घेत आणि दुसऱ्या दिवशी नवा आणत. एका संध्याकाळी तो वास मला आवरेना. मी घास ओढला.

"अहो, घेतला!" काकू ओरडल्या आणि मी दचकून पुन्हा आत पळालो.

पुढे लेकीच्या बाळंतपणासाठी काकू गेल्या आणि चिमटा काकांकडे आला. त्यांचा हात सारखा हले, तोंडाचा पट्टाही चालू. मी बाहेर येईना. काकांचा चेहरा पडला. त्यांनी काकूंना फोन लावला.

"तुझा लाडका रुसलाय. काही खात नाही."

"गिऱ्हाइकाला दिवसभर सांगता ना, हलू नका, बोलू नका? आता तुम्ही तसे बसा."

काका ओठ मिटून पुतळ्यासारखे बसले. बऱ्याच वेळाने मी मिशा बाहेर काढल्या, मग डोके, आणि घास घेतला. काकांचे डोळे भरून आले.

काकू परतल्यावर पहिले भांडण झाले ते चिमट्यावरून. ते अजून मिटलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही कोणी कोपऱ्यात बसत असेल. त्याला भूक नाही, असे समजू नका. त्याला ओढून बाहेर काढू नका. त्याच्यापाशी जा आणि नुसते थांबा.