दोनशे सातावे पान

हरिश्चंद्र गुरुजींनी दोनशे सातावे पान काढायला म्हणून पुस्तक उघडले आणि ते पान उघडेना. एकशे त्र्याण्णवनंतर थेट दोनशे आठ. मधली पाने कडेला एकमेकांना जोडलेली, छापखान्यातून आली तशीच. त्यांनी बोट घालून आत डोकावून पाहिले, पुस्तक उलटेसुलटे केले, टेबलावर आपटूनही पाहिले. पण न फाडलेले पान आपटल्याने कसे उघडणार? मग त्यांनी मागची पाने तपासली. चौसष्टापर्यंत पाने मोकळी होती. ती तीन वर्षांपूर्वी पोस्टकार्डाच्या कडेने त्यांनी स्वतःच फाडली होती. पासष्टपासून शेवटापर्यंत त्या कादंबरीला कुणाचा हात लागलेला नव्हता.

गुरुजी बाकावर बसले. समोर वाचनवही होती आणि तिच्यात, गेल्याच महिन्यात, सीताने दोनशे साताव्या पानावर अभिप्राय लिहिला होता.

"पृष्ठ २०७. यातली बाई रोज संध्याकाळी पाणी भरून येताना वळणावर थोडी थांबते. कुणी यायचे नाही हे तिला माहीत असते. तरी थांबते. लेखकाने हे अगदी बरोबर लिहिले आहे."

त्याच्याखाली मुंबईहून रामजीने लिहिले होते, "पृष्ठ २०७. मलाही हा भाग आवडला. त्यातला माणूस कारखान्यात असतो. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की त्याला वाटते, आता ती वळणावर पोचली असेल. त्या दिवशी तो खानावळीत जेवायला जायचा विसरतो."

हे दोन्ही अभिप्राय गुरुजींनी वाचनालयाच्या पडवीत बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले होते. वर, वाचन म्हणतात ते याला, असे बजावलेही होते. सीताची सासू येसूबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण सुनेचे नाव पुकारले की ती आजूबाजूला बघून घ्यायची.

या साऱ्याची सुरुवात झाली होती गेल्या शिमग्यात. चाकरमानी गावाला आले होते, पालखी घरोघर नाचत होती आणि गुरुजींच्या डोक्यात मात्र भलतीच पालखी नाचत होती. वाचनालयात एक मोठी नावाजलेली कादंबरी पडून होती, परदेशी, मराठीत आणलेली. एक माणूस खिडकीपाशी बसतो आणि चारशे पाने नुसते आठवत राहतो. वाक्य एकदा सुरू झाले की पान संपले तरी संपत नाही. गुरुजींनी ती तीनदा हातात घेतली आणि तिन्ही वेळा साठाच्या आसपास हात टेकले. एकट्याला जे झेपत नाही ते गावाला झेपेल, असा त्यांनी हिशेब केला. घराचे वासे गाव मिळून चढवतोच ना.

बेत त्यांनी मोठ्या मनाने आखला. एक प्रत गावात, एक मुंबईत गावकीच्या खोलीवर. वैशाखापासून महिन्याला चाळीस पाने. पहिला पंधरवडा गावाने वाचायचे आणि वहीत लिहायचे, मग वही टपालाने मुंबईला जायची, दुसरा पंधरवडा तिकडच्यांनी लिहायचे. दहा महिन्यांत चारशे पाने, आणि पुढच्या शिमग्याला सगळे एकत्र बसून चर्चा. पुठ्ठ्यावर तांबड्या-निळ्या पेन्सिलीने तक्ता काढून त्यांनी कपाटावर लावला. अकरा जणांनी नावे दिली. मुंबईकडची जबाबदारी तिथल्या गावमंडळाचे चिटणीस महिपत यांच्याकडे दिली.

नव्याचे नऊ दिवस कसेबसे भरले. केरूने पहिल्याच महिन्यात लिहिले की या पुस्तकाला शेंडा ना बुडखा. बाबल्याने नवव्या पानावर लिहिले, "येथे लेखकास झोप लागली असावी. मलाही लागली." गणपतीपर्यंत अकराचे दोन उरले, सीता आणि तिचा नवरा रामजी. गुरुजींना त्या दोघांचा कोण अभिमान. दहावी झालेली पोर, शेतीचे, गुरांचे सगळे करून पुस्तक वाचते. तोही पाळी करून वाचतो. स्वतः गुरुजींना मात्र पुढे वाचायला वेळ झाला नव्हता. तक्ता आखायचा, वही बांधायची, अभिप्राय वाचून दाखवायचे, यातच दिवस जात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आज महिपतचे पत्र आले नसते तर दोनशे सातावे पान काढायची बुद्धीही त्यांना झाली नसती.

महिपतचे पत्र सकाळी आले होते. त्याने लिहिले होते की माणसे दोनच उरली असल्याने हा उद्योग आता थांबवावा. वही पुन्हा मुंबईला पाठवू नये, म्हणजे टपालाची कटकट मिटेल. शिवाय मुंबईची प्रत गणपतीपासून त्याच्याच ट्रंकेत होती. "रामजी येतो तो फक्त वही मागायला. पुस्तक ने म्हटले तर म्हणतो, नको, ध्यानात आहे. हे काय ते आपणच विचारावे. उलटटपाली कळवणे."

उलटटपाली कळवायचे तर चारच्या एस.टी.ने टपालाची थैली जायची होती. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

गुरुजींनी वही पहिल्यापासून चाळली. वैशाखात सीताने खरेच पुस्तकातले लिहिले होते, खिडकी, खुर्ची, आठवणी. रामजीनेही. तिसऱ्या महिन्यापासून पुस्तकात ती बाई आली. बाईला नवऱ्याचा सदरा पेटीत सापडला आणि तिने तो धुतला नाही. मग तो माणूस आला. तो खोलीत बाराजणांत झोपायचा आणि कुणाला कळू न देता भिंतीकडे तोंड करून हसायचा, कारण त्याला काहीतरी आठवायचे. भाद्रपदात बाई पाच दिवस खूप आनंदात होती आणि सहाव्या दिवशी तिने फाट्यावरून परत येताना मागे वळून पाहिले नाही. गुरुजींनी हे सारे पडवीत ठणठणीत आवाजात वाचले होते. गावाने ऐकले होते. कुणाला काही कळले नाही, आणि सगळ्यांत आधी ते कळायला हवे होते ज्याला, त्यालाही नाही.

त्यांना स्वतःची लाज वाटली. ती पुस्तक न वाचल्याची नव्हती. तीस वर्षे त्यांनी या गावाची पत्रे वाचली होती. मुंबईचे पत्र आले की ते बापाच्या नावाने यायचे, आणि खळ्यात सगळ्या घरासमोर, शेजाऱ्यांसमोर मोठ्याने वाचले जायचे. तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार, भात कापणी झाली असेल, गाय व्याली का ते कळवावे, लहानथोरांस आशीर्वाद. बायको दाराआड उभी राहून ऐकायची. तिच्यासाठी वेगळे पत्र आले असते तर गावभर हसे झाले असते. अशी शेकडो पत्रे त्यांनी वाचली, आणि दाराआडच्या बाईसाठी त्यात एक अक्षरही नसते हे एकदाही मनात आले नाही. या पोरीने आणि तिच्या नवऱ्याने वाट शोधली होती. पत्र लपवायचे तर ते गावासमोर वाचू द्यायचे.

आणि ती वाट महिपत एका पत्राने बंद करणार होता.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. सीता वही न्यायला आली होती. हाताला अजून शेणाचा ओला वास होता, पदर खोचलेला. ती आत आली आणि टेबलावर उघडे पडलेले पुस्तक तिने पाहिले. जोडलेली पाने वर तोंड करून होती. तिने एकदा पुस्तकाकडे पाहिले, एकदा उघड्या वहीकडे, आणि ती होती तिथेच उभी राहिली. तिच्या तोंडावरचे रक्त उतरलेले गुरुजींना दिसले. खरे तर त्यांचेही उतरले होते. एवढ्या वर्षांत वर्गातल्या किती पोरांना त्यांनी कॉपी करताना पकडले असेल, पण पकडणाऱ्याला इतके अवघडल्यासारखे कधी झाले नव्हते.

गुरुजींनी खिशातून पोस्टकार्ड काढले. महिपतला लिहायला घेतलेले ते कोरे कार्ड. त्याची कड जोडपानात घातली आणि सावकाश, फाटण्याचा आवाज होईल न होईल असे, पान मोकळे केले.

"छापखान्यातून अशीच येतात ही," ते खाली बघत म्हणाले. "आधीच फाडून ठेवायला हवी होती मी. तुला वाचताना त्रास झाला असेल."

गुरुजी पान फाडत राहिले. दोन झाली, तीन झाली.

"महिपत विचारतोय, पुढं किती पानं ठेवायची," ते म्हणाले. "महिन्याला चाळीस जरा जास्तच होतात, नाही?"

बराच वेळ ती पुस्तकाकडे बघत राहिली. मग तिने पदर सोडून नीट घेतला.

"थोडीच ठेवा गुरुजी. ह्या पुस्तकाला घाय करून नाय चालायचं."

"दहा ठेवू?"

"दहा खूप झाली," सीता म्हणाली. तिने वही उचलली, छातीशी धरली आणि निघाली. दारातून ती वळली आणि वाकून नमस्कार करून गेली. परीक्षेला बसायच्या आधी मुले करतात तसा.

गुरुजींनी तक्ता खाली उतरवला, पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नव्याने रेघा आखल्या. दोनशे आठपासून पुढे, महिन्याला दहा पाने. उरलेल्या एकशे त्र्याण्णव पानांना वीस महिने लागत होते. त्यांनी विचार करून आठ केली. मग सहा. महिपतला त्याच कार्डावर, कड थोडी फाटली होती तरी, त्यांनी लिहिले की वाचन कोणत्याही परिस्थितीत थांबवू नये. पुस्तक थोर आहे, ते सावकाशच वाचावे लागते. प्रत ट्रंकेतच राहू द्यावी, तिथे ती सुरक्षित आहे. रामजीला वही मात्र वेळेवर देणे, त्यात हयगय नको. आणि आपण विचारलेत म्हणून सांगतो, रामजीची स्मरणशक्ती उत्तम आहे.

कार्ड चारच्या गाडीला गेले. गुरुजी पुस्तक काखेत मारून घरी आले. उन्हे अजून परसातल्या माडांवर होती. गोदूबाई ओटीवर सूप घेऊन कुळीथ निवडत बसली होती. ते तिच्याजवळ भिंतीला टेकून बसले आणि पुस्तक मांडीवर उघडले. असे ते कधी बसत नसत, म्हणून तिने मान वर केली.

"काय वाचताव एवढा?" तिने विचारले. "कसलो म्हणायचो तो ग्रंथ? सहा महिने नाचताव तो घेवन."

"ऐकतेस?"

"हात निवडतायत, कान रिकामेच हायत."

गुरुजी घसा खाकरून वाचू लागले. यात एक मास्तर असतो, समुद्रकाठच्या शाळेवर. लग्न होऊन वर्ष झालेले असते आणि बायको गावी, सासूसासऱ्यांजवळ. मास्तर महिन्याला एक कार्ड टाकतो. दादांस नमस्कार, पावसाचा अंदाज कळवावा. कार्ड टाकून तो संध्याकाळी बंदरावर जातो. होड्या लागलेल्या असतात, पाटीपाटीने मासळीचा लिलाव चाललेला असतो, आणि एकदा एक कोळीण आपल्या नवऱ्याला सगळ्यांसमोर शिव्या देऊन मग त्याच्याच खांद्यावर हात टाकून वाळूतून चालत जाते. मास्तरला ते इतके आवडते की त्याला वाटते, हे तिला सांगायला हवे. चार वर्षे तो बंदरावर जातो आणि रोज काहीतरी तिला सांगण्यासारखे दिसते. कार्डात मात्र तो पावसाचे विचारतो.

सुपातला आवाज थांबला होता. गोदूबाईने कुळीथाची मूठ तशीच धरली होती.

"कार्डात जागा नव्हती काय त्याच्या?"

"जागा होती," गुरुजी म्हणाले. "धीर नव्हता."

हर्ण्याच्या शाळेवरून आलेली ती कार्डे सासऱ्यांच्या देव्हाऱ्यामागे दोऱ्यात ओवलेली होती आणि गोदूबाईने ती कुणाकडून तरी सगळी पुन्हा एकदा वाचून घेतली होती, नवऱ्याला न सांगता, हे गुरुजींना ठाऊक नव्हते. तिने मूठ सोडली. तिचे लक्ष कोनाड्याकडे गेले. तिथे त्यांचा चष्मा होता. वाचायचा चष्मा, ज्याच्यावाचून त्यांना स्वतःच्या हातावरची रेघसुद्धा दिसत नसे. वाचनालयातला जुना ते तिथेच ठेवून येत, त्यामुळे आता त्यांच्या नाकावर काहीच नव्हते.

ती उठली, कोनाड्यातला चष्मा हळूच उचलून पदराखाली घेतला आणि पुन्हा त्यांच्या जवळ येऊन बसली.

"मग?" ती म्हणाली. "पुढचा पान वाचा."