तीन हिरवे दिवे

मी विमान बोलतोय. चार आसनांचं, शिकवणीचं. अठरा वर्षं पुण्याच्या पोरांना उडायला शिकवलं, आता हँगरच्या कोपऱ्यात पडलोय.

माझी देखभाल संभाजी मिस्त्रींकडे. दर दसऱ्याला ते माझ्या पंख्याला झेंडूचा हार घालायचे, चाकांना हळदकुंकू लावायचे. माझी चाकं पोटात दुमडतात. उतरताना कळ खाली ओढायची. तिन्ही चाकं बाहेर आली की तीन हिरवे दिवे लागतात. इतकं साधं आहे बघा.

दिग्विजय सर शिकवणारे. "चाकं खाली, तीन हिरवे," हे ते पाढे म्हणावेत तसं म्हणायचे. दिव्यांकडे बघायचंही असतं, हे साहेब विसरूनच गेले होते.

त्या दिवशी त्यांच्या शेजारी शिकायला कर्वेनगरची पूर्वा होती. तिचं आधीचं उतरणं वाकडं झालं, म्हणून सर तिला झाडत होते. झाडता झाडता पाढा म्हणून मोकळे झाले. कळ वरच राहिली. चाकं आतच आहेत म्हणून मी भोंगा वाजवून नुसता कोकलत होतो.

पूर्वा हळूच म्हणाली, "सर, दिवे लागले नाहीत."

"मध्ये बोलू नकोस."

मग माझं पोटच धावपट्टीवर घासलं. मी गरकन फिरलो आणि पूर्वाचं डोकं खिडकीवर आपटलं. चाकं हलवणारी माझी वीज गेली. सरांना साधं खरचटलंही नाही. तिच्याकडे वळण्याआधी त्यांनी गुपचूप कळ खाली ओढली. मेल्यावरही विसरणार नाही मी ते.

कळ ओढली होती, पण चाकं उघडलीच नाहीत, असं त्यांनी सांगितलं. खापर मिस्त्रींवर फुटलं. त्यांना घरी बसवलं. बिचाऱ्यांना स्वतःचाच संशय यायला लागला. जाताना माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाले, "कालच ग्रीस लावलं हाय तुला. मग माझं चुकलं कुठं रं?" माझा जीव नुसता तुटत होता.

आज सकाळी चौकशीचे साहेब आले. मला जॅकवर उचललं, बॅटरी जोडली. सर होतेच, मिस्त्रींनाही बोलावलं होतं. ते दाराशीच उभे राहिले. माझ्या पोटात घरघर झाली. एक चाक उतरलं, मग दुसरं. तिसरं जरा कण्हत आलं, पण आलं. तीन हिरवे दिवे लागले.

चौकशीचे साहेब सरांकडे वळून म्हणाले, "चाकं तर उघडतात." मिस्त्री माझ्या चाकाशी येऊन रडले.

आता मला भंगारात काढतील. काढू देत. पण पूर्वा गेले तेरा दिवस शुद्धीवर नाही. ती जेव्हा डोळे उघडेल, तेव्हा कोणीतरी तिला एवढं सांगा, की पोरी, तू बरोबर पाहिलं होतंस.