मुरक्यातली पत्रिका

लग्नपत्रिका छापून आल्या त्या दिवसापासून नयना उजवीकडे कलली. पडली मात्र नाही. पोळ्या लाटताना, चपला घालताना ती तशीच तिरकी असे, आणि तिची वेणीसुद्धा तिच्याबरोबर तिरकी लोंबे.

तिचे वडील, मिरजेचे दिगंबर कासार, छापायची अक्षरं घडवत. ‘मुरका’ हे अक्षरवळण त्यांचंच: ठळक, तिरकं, टोकाटोकाला पाकळी फुटलेलं. साडीवाल्यांनी ते पाट्यांवर घेतलं, हलवायाने पेढ्यांच्या खोक्यांवर. खोक्यातले पेढे एका कोपऱ्यात गोळा होत, पण चव तीच, म्हणून कोणी कुरकुरलं नाही. मग दिगंबररावांना चेव चढला. लेकीची अख्खी पत्रिका त्यांनी मुरक्यात जुळवली. नवरामुलगा, व्याही, मामा-मावश्या, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली, सगळी मुरक्यात. स्वतःचं नाव तेवढं खाली, बारीक आणि उभ्या अक्षरात टाकलं. वधूपित्याने फार मिरवू नये म्हणे!

“दुसऱ्या छापून घेऊ,” ते बायकोला म्हणाले.

नलिनीबाई ओट्याशी कलून भाजी चिरत होत्या. “अहो, पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवून झाली. देवाला दिलेली परत मागायची?”

दिगंबररावांनी नयनाला खांद्याने रेटून पाहिलं. ती तसूभर हलली नाही. रोज ती थोडी ठळक होत होती. भुवया दाट झाल्या होत्या, बांगड्या मनगटाला रुतत होत्या आणि नखांच्या कडांना बारीक पाकळ्या आल्या होत्या.

“दुखतं का गं?”

“नाही बाबा. मी सरळच आहे. तुम्हीच मागे रेललाय.”

तिने त्यांना चहा ओतला. धार तिरकी पडली आणि कपाच्या बाजूने जमिनीवर गेली. आईच्या कपात मात्र बरोबर पडली. नयनाने फडकं आणून पुसलं. पोर चार दिवसांत सासरी जाणार आणि आपल्याला तिच्या हातचा घोटभर चहाही मिळेना, याचं दिगंबररावांना रडू आलं.

मांडववाल्याचं नावही ‘सौजन्य’ म्हणून मुरक्यातच होतं. त्याने खांब तिरके आणि दाट रोवले. वऱ्हाड त्यांतून सहज आत गेलं. दिगंबरराव एका फटीतून घुसायला गेले तर खांदा अडला, दुसरीतून डोकं.

“मी मुलीचा बाप आहे हो!” ते ओरडले.

“या की मग,” व्याही आतून प्रेमाने म्हणाले. “उघडंच आहे सगळं.”

कन्यादान मामावर सोपवलं गेलं. दिगंबररावांना आता एवढंच हवं होतं, की आपल्या अक्षता लेकीच्या डोक्यावर पडाव्यात. ते खांबांना चिकटून उभे राहिले. शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट बाजूला झाला आणि साऱ्या मांडवाच्या अक्षता तिरक्या उडून नयनाच्या केसांत जाऊन बसल्या. दिगंबररावांनी जीव खाऊन मूठ भिरकावली. तांदूळ हातातून सुटले आणि सरळ खाली, त्यांच्याच पावलांवर पडले. त्यांनी ते वेचून पुन्हा फेकले. पुन्हा पावलांवरच पडले.

वाजंत्री सुरू झाली. पंगतीची पानं मांडली जाऊ लागली. नयना अजून मान खाली घालून, बाबांच्या अक्षतांसाठी थांबली होती.